कड्यावरची अरुंद वाट: ठाणे आणि नवी मुंबईहून धारेचे ट्रेक करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ही माहिती दोन्ही बाजूंना दरी असलेल्या धारेवर किंवा कड्याला चिकटून जाणाऱ्या आडव्या वाटेवर पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. ठाणे, कल्याण, बेलापूर, पनवेलहून पहाटे निघून रात्री घरी परतता येईल अशा ट्रेकचाच इथे विचार केला आहे.

दृष्टीभय म्हणजे नेमकं काय? वाट अवघड असते का?

बऱ्याचदा नसते, आणि लोक फसतात ते इथेच. फूटपाथएवढ्या रुंदीच्या पट्टीवरून तुम्ही रस्त्यात रोज बेफिकीर चालता. तीच पट्टी पाचशे फुटांच्या कड्यावर आली की पाय जड होतात, श्वास वर चढतो, हात आधार शोधू लागतात. चालण्याची अवघडता तितकीच राहते, पण चुकीची किंमत बदलते. म्हणून वाट किती अवघड आहे आणि पडलो तर कुठे थांबू, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. पहिल्याचं उत्तर ‘सोपी’ आणि दुसऱ्याचं ‘थेट खाली’ असेल, तर ती दृष्टीभयाची वाट. तिथे घाई, थट्टामस्करी आणि चालता चालता फोटो, तिन्ही बंद.

ठाणे-नवी मुंबईहून अशा वाटा कुठे आहेत? कोणत्या क्रमाने कराव्यात?

सुरुवात मुरबाड तालुक्यातल्या गोरखगडापासून करावी. कल्याणहून मुरबाड, म्हसा करत देहरी गावात पोहोचायचं. गड सुमारे २१०० फूट उंच. कातळात खोदलेल्या पायऱ्या अरुंद आहेत, पण पाय ठेवायला पक्की जागा मिळते. गुहेसमोरच्या चाफ्यांपाशी उभं राहिलं की पुढे एकदम दरी आणि पलीकडे मच्छिंद्रगडाचा सुळका. उंचीवर आपलं डोकं कसं वागतं, हे कळायला याहून चांगली जागा नाही. डोळे फिरले तर गुहेतच थांबा. माथ्याकडच्या पायऱ्या त्याहून उभ्या आहेत.

त्यानंतर पनवेलजवळचा कलावंतीण, सुमारे २२५० फूट. कोकणची सपाटी जवळजवळ समुद्रसपाटीला असल्यामुळे ही उंची खालून जशी दिसते तशीच सगळी पायाने चढावी लागते. प्रबळगड आणि कलावंतीण यांच्यामधल्या खिंडीतून नागमोडी खोदीव पायऱ्या सुरू होतात. त्यांना कठडा नाही. माथ्याआधी साधारण वीस फुटांचा कातळटप्पा आहे.

मलंगगडाचा बालेकिल्ला आणि मोरोशीचा भैरवगड हे या दोघांच्या पुढचे, दोर आणि जाणकार सोबत असतील तरच करायचे. मलंगगडावर पडलेल्या पुलाच्या जागी लोखंडी पाइपवरून दरी ओलांडावी लागते. मोरोशीचा भैरवगड म्हणजे कातळाची उभी भिंतच. भूगर्भातला शिलारस जमिनीच्या भेगेत घुसून तिथेच थिजला, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि ही कठीण भिंत उरली. भूशास्त्रात तिला डाइक म्हणतात. भिंतीच्या अंगावर खोदलेल्या पायऱ्या मध्ये तुटल्या आहेत. कलावंतीण झाला म्हणून लगेच भैरवगडाला जाऊ नये.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धारेवर जाऊ नका: पायऱ्यांवरून पाणी वाहतं, शेवाळ धरतं आणि ढगात पुढची पायरीसुद्धा दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये या भागातल्या अनेक ठिकाणी प्रशासन बंदी घालतं, ती मोडून चोरवाटेने जाणं म्हणजे गावकऱ्यांना आणि बचाव पथकाला कामाला लावणं. कलावंतिणीच्या शेजारच्याच इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. पावसाने भिजलेल्या या डोंगरांचा भरवसा धरू नये.

ऑक्टोबरात हिरवळ असते, पण ऊन मारतं आणि परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर गडगडतात. मार्चपासून गवत वाळतं. धारेवरचं वाळलेलं, आडवं पडलेलं गवत ओल्या गवताइतकंच निसरडं असतं, कारण बुटाखाली काड्यांचा थर सरकतो.

कलावंतिणीचं वेळापत्रक कसं आखावं?

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने तासाभरात पनवेल. तिथून जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर शेडुंग फाट्याने आत ठाकूरवाडी. एसटीच्या फेऱ्या मोजक्याच आहेत. पहाटेची वेळ गाठायची तर आदल्या दिवशी रिक्षा किंवा टमटम ठरवून ठेवा आणि परतीचंही तेव्हाच बोलून घ्या.

सकाळी सहाला ठाकूरवाडीतून निघालात तर पावणेआठपर्यंत प्रबळमाची (वाटेतल्या पठारावरचं गाव), साडेआठला खिंड, सव्वानऊ ते साडेनऊच्या आत माथा. दहाला उतरायला लागा. एकच्या सुमारास पुन्हा ठाकूरवाडी. डिसेंबर-जानेवारीत सहाला अंधार असतो, म्हणून पहिल्या तासाला डोक्याचा टॉर्च हवाच. मोबाइलचा टॉर्च नको, कारण त्याने एक हात अडकतो.

वेळेचा एक नियम पाळा: खिंडीत अकरा वाजले तर तिथूनच मागे. शनिवार-रविवारी पायऱ्यांवर रांग लागते, वर जायला पाऊण तासाऐवजी दीड तास लागतो आणि उतरणाऱ्यांची गर्दी त्याच अरुंद पायऱ्यांवर समोरून येते. ‘अजून दहा मिनिटांत होईल’ म्हणत पुढे गेलेलेच लोक भर उन्हात, पाणी संपलेलं असताना आणि पाय थरथरत असताना उतरतात. शक्य असेल तर आठवड्यातला कामाचा दिवस निवडा. तीच वाट तुम्हाला वेगळी वाटेल.

बूट कोणते?

सोल महत्त्वाचा, बाकी सगळं नंतर. बाजारात बूट हातात घेऊन सोलमध्ये नख रोवून बघा. नख किंचित रुतलं पाहिजे. घट्ट प्लास्टिकसारखा सोल कोरड्या कातळावरही घसरतो. धावण्याच्या बुटांचा फोमचा जाड सोल धारेवर धोक्याचा, कारण कडेवर पाय ठेवला की तो एका बाजूला दबतो आणि घोटा मुरगळतो. सह्याद्रीत वर्षानुवर्षे वापरले जाणारे अ‍ॅक्शनचे साधे ट्रेकिंग शूज महागड्या बुटांपेक्षा कातळावर जास्त विश्वासाचे ठरतात, असं आमचं स्पष्ट मत आहे. नवे बूट ट्रेकच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. जुन्या बुटांचा सोल आदल्या रात्री दोन्ही हातांनी वाकवून पाहा. वर्षभर माळ्यावर पडलेल्या बुटाचा गोंद सुकतो आणि सोल उतारावरच निघतो. दोन मीटर सुतळी आणि थोडी चिकटपट्टी पिशवीत असेल तर अशा वेळी घरापर्यंत पोहोचता येतं.

नखं कापून जा. उतारावर अंगठ्याचं नख बुटाला आपटून काळं पडतं.

घसाऱ्यावर पाय सटकतो. काय चुकतं?

धारेवरचे बरेच अपघात उतरताना आणि सोप्या वाटणाऱ्या जागी होतात. घसारा ही त्यातली नेहमीची जागा. उन्हापावसाने कुजलेल्या खडकाचा मुरूम होतो. त्यातली माती पावसात वाहून जाते आणि कातळावर हरभऱ्याएवढे गोल खडे उरतात. फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसं होतं: खडा फिरतो, पाय त्याच्यासोबत जातो.

अशा वेळी बहुतेक जण मागे रेलतात, आणि चुकतं ते तिथेच. मागे रेललं की वजन टाचेवर येतं, बुटाचा जमिनीशी संबंध फक्त टाचेच्या कडेपुरता उरतो आणि दोन्ही पाय पुढे निघून जातात. त्याऐवजी गुडघे थोडे वाकवा, नाक पंज्यांच्या वर राहील इतकं पुढे झुका, पूर्ण तळवा टेका. पाय टाकण्याआधी बुटाच्या कडेने खडे बाजूला सारा. खाली कोणी नाही ना ते आधी पाहा. पावलं छोटी, अगदी अर्ध्या फुटाची. पाय टेकला की क्षणभर थांबून मगच वजन द्या. मुळासकट घट्ट कारवीचा बुंधा जमिनीलगत धरता येतो. गवत आणि सुटा निवडुंग मात्र आधार नाहीत.

बसून घसरत उतरणं मऊ मातीच्या उतारावर चालतं. कड्याच्या काठावर बसून सरकू नका. एकदा वेग आला की थांबवायला काही हाती लागत नाही.

उभ्या पायऱ्या उतरताना तोंड कुठे असावं?

पायरी गुडघ्यापेक्षा खाली आणि रुंद असेल तर दरीकडे तोंड. पायरी उंच असेल किंवा पाय नुसताच लोंबकळत असेल तर कातळाकडे तोंड करा, शिडी उतरतो तसं. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले, एकच हलता. हाताने पकडलेला दगड आधी तळव्याने थोपटून बघा. पोकळ आवाज आला तर तो सोडा. पिशवीच्या बाजूला आडवी बांधलेली मॅट किंवा बाटली कातळाला घासते आणि माणूस दरीकडे ढकलला जातो. सगळं सामान आत, पट्टे घट्ट, काठी दुमडून पाठीवर.

सोबतचा माणूस मध्येच गोठला, पुढेही जाईना, मागेही येईना. काय करायचं?

हात धरून ओढू नका. त्याचा तोल आधीच डळमळलेला असतो, तुम्ही ओढलं की तो पाय उचलतो आणि दोघांचा आधार सुटतो. ‘अरे काही नाही, चल’ असं म्हणणंही बंद करा. त्याला कातळाकडे तोंड करून, गुडघा टेकवून बसवा. पन्नासपर्यंत हळू श्वास मोजायला सांगा. घोटभर पाणी द्या. त्यानंतर एक जण त्याच्या खालच्या बाजूला, स्वतःचे पाय पक्के असतील तरच, उभा राहील. तो एका हाताने त्याचा बूट धरून पुढच्या पायरीवर ठेवून देईल आणि फक्त एवढंच बोलेल: ‘उजवा पाय खाली, टेकला, आता डावा.’ बाकीच्यांनी गप्प राहायचं. पाच माणसं पाच सूचना देतात तेव्हा गोठलेला माणूस आणखी घट्ट होतो. बहुतेक वेळा खाली आणणंच योग्य. वर नेलं तर हाच टप्पा त्याला उतरताना पुन्हा, आणि जास्त भीतीने, करावा लागतो.

दोर न्यावा का? हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची दोरी चालेल?

नाही. ती दोरी किती वजन झेलेल याची खात्री नसते, कातळाच्या धारेवर ती पटकन कापली जाते आणि गाठही सरकते. गिर्यारोहणाचा दोर बाहेरचं आवरण आणि आतला गाभा असा दुहेरी असतो. वरून बिले देऊन, म्हणजे वरच्याने दोर सांभाळत खालच्याला चढवायचं तर ताणला जाणारा, म्हणजे डायनॅमिक दोर लागतो. आडव्या वाटेवर धरायला बांधून ठेवायचा तर कमी ताणाचा स्टॅटिक दोर. पडणारा माणूस स्टॅटिक दोरावर झेलला तर झटका सगळा त्याच्या अंगात आणि अँकरमध्ये, म्हणजे दोर जिथे बांधलाय त्या आधारात जातो.

दोर कमरेला नुसता बांधून चढू नका. लटकलात तर दोर बरगड्यांखाली चढतो आणि काही मिनिटांत श्वास अडतो. हार्नेस (कमर-मांड्यांना बांधायचा पट्टा), स्क्रूचा कॅराबिनर (दोर अडकवायची कडी), हेल्मेट हे सगळं एकत्र असलं तरच दोराचा उपयोग. आडव्या बांधलेल्या दोरावर हार्नेसला जोडलेल्या दोन स्लिंग, म्हणजे मजबूत पट्ट्या, ठेवायच्या. मधला अँकर आला की आधी एक पुढे अडकवायची, मग मागची सोडायची, म्हणजे कुठल्याही क्षणी माणूस सुटा राहत नाही.

कातळावर आधीपासून लोंबणारे दोर पाहून खूश होऊ नका. उन्हाने नायलॉनची ताकद जाते, बाहेरून रंग फक्त फिका दिसतो. वरची गाठ कशाला बांधली आहे हे न पाहता त्याच्यावर वजन टाकायचं नाही. तोल सावरायला बोटं लावलीत तर ठीक.

वाऱ्याचा त्रास किती होतो?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा दाब चौपट होतो. खिंडीत वारा कोंडतो, म्हणून माचीवर झुळूक असली तरी खिंडीत पाय हलतात. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळ शांत असते आणि दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुरू होतो. लवकर निघण्याचं हे दुसरं कारण. झोत आला की खाली बसा. वाऱ्याच्या जोरावर रेलून उभं राहू नका, झोत अचानक थांबला की तोल त्याच बाजूला जातो. टोपीला दोरी बांधा. उडालेली टोपी पकडायला हात आपोआप पुढे जातो.

वीज कडाडू लागली तर?

चमक दिसल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धार सोडून ताबडतोब खाली. सुळक्याच्या पायथ्याशी किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही.

आग्यामोहोळाची भीती खरी आहे का?

खरी आहे. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आणि अनेक कड्यांच्या ओव्हरहँगखाली, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळाखाली, मोठी पोळी असतात. धूर, अत्तर, फटाके, ड्रोन, मोठा आवाज यांनी माश्या उठतात. धारेवर पळायला जागा नसते, म्हणून ही काळजी इथे जास्त. उठल्याच तर हात झाडू नका. ओढणी किंवा जॅकेट डोक्यावरून घेऊन कातळाला चिकटून हळूहळू दूर सरका. दहापेक्षा जास्त डंख, ओठ-जीभ सुजणं किंवा श्वास लागणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

पाठीवर काय असावं?

माणशी तीन लिटर पाणी, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत चार. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे कलावंतिणीच्या माथ्यावर फक्त चारेक अंशांचा फरक. गार हवेच्या भरवशावर पाणी कमी नेऊ नका. ओआरएसची तीन पाकिटं, मीठ-साखर घातलेलं लिंबू-सरबत, गूळ-शेंगदाणे. डोक्याचा टॉर्च आणि जादा सेल, शिटी, क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. सगळं मिळून सहा-सात किलोच्या वर नको. प्रबळमाचीवर गावकऱ्यांकडे पिठलं-भाकरी, चहा मिळतो. डबे वाहण्यापेक्षा तिथे जेवा आणि आपला कचरा पिशवीतून परत आणा.

समोरून माणसं आली तर कोणी कुठे उभं राहायचं?

थांबणारा नेहमी कातळाच्या बाजूला, पाठ टेकवून. जाणारा दरीच्या बाजूने, पण एका वेळी एकच, आणि पिशवी अंगाला घट्ट धरून. जागा दोन फुटांपेक्षा कमी असेल तर ओलांडायचंच नाही, मागच्या रुंद पायरीपर्यंत एकाने परत जायचं. दगड सुटला तर मोठ्याने ‘दगड!’ किंवा ‘स्टोन!’ ओरडा. खालच्यांनी वर बघू नये, कातळाला चिकटून पिशवी डोक्यावर घ्यावी.

मुलांना नेता येईल?

गोरखगडाच्या गुहेपर्यंत, दहा-बारा वर्षांच्या चालण्याची सवय असलेल्या मुलाला, एका मुलामागे एक मोठा माणूस या हिशोबाने. कलावंतिणीला प्रबळमाचीपर्यंत. पाठुंगळी बाळ घेऊन पायऱ्यांवर जाऊ नये.

तयारी घराजवळ कशी करावी?

महिनाभर, आठवड्यातून चार दिवस जिने. ठाण्यात इमारतीचे बारा मजले दोनदा, पाठीवर पाच किलो घेऊन. मुंब्रादेवीच्या पायऱ्या आणि बेलापूरचा पारसिक डोंगर याच कामाचे. चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या, कारण मांड्या उतारावर थकतात आणि थकलेली मांडी पाय थरथरवते. एका पायावर डोळे मिटून तीस सेकंद उभं राहायचा सराव दात घासतानाही होतो.

ग्रुपसोबत जायचं तर काय विचारावं?

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? एका लीडरमागे किती माणसं? कातळटप्प्यावर हेल्मेट आणि हार्नेस प्रत्येकाला का, की आळीपाळीने? मागे राहिलेल्यासोबत कोण थांबतं? पन्नास जणांना दोन लीडर नेणार असतील तर पैसे बुडाले तरी चालतील, जाऊ नका.

अपघात झाला तर पहिली दहा मिनिटं काय करायचं?

आधी स्वतः सुरक्षित व्हा, मग त्याच्यापर्यंत जा. दुसरा माणूस पडला तर मदत अर्धी होते. पाठ किंवा मान दुखत असेल तर हलवू नका, दरीकडे घरंगळणार नाही एवढीच सोय करा. वाहतं रक्त स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्येच उघडून बघू नका. ११२ किंवा १०८ ला फोन करताना गडाचं नाव, पायथ्याचं गाव, नेमका टप्पा, किती जखमी, शुद्धीवर आहे का, एवढं एका दमात सांगा. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक निघण्याआधीच प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा. रेंज नसेल तर एकाला नव्हे, दोघांना खाली पाठवा. शिटीची खूण: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

नोकरीनिमित्त आयर्लंडला जातोय. तिथल्या समुद्रकड्यावरच्या धारेसाठी हा सराव पुरेसा आहे का?

पायांसाठी हो, हवामानासाठी नाही. डोनेगलमधला स्लीव्ह लीग सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि खाली थेट अटलांटिक. त्याच्या धारेवरच्या अरुंद टप्प्याला ‘वन मॅन्स पास’ म्हणतात. आपल्याकडे शत्रू ऊन, तिथे थंडी, धुकं आणि पाऊस. काठावर गवताची आणि पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची) गादी बाहेर झुकलेली असते, तिच्याखाली काही नसतं. म्हणून काठापासून किमान दोन मीटर आत चाला. ओलं गवत ओल्या कातळाहून निसरडं. डिसेंबरात दिवस जेमतेम सात-साडेसात तासांचा. जोराचा वारा किंवा ढग असेल तर धार सोडून जमिनीच्या बाजूची खालची वाट घ्या. सह्याद्रीतले सुती कपडे तिथे चालणार नाहीत: सुती भिजलं की अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर किंवा सिंथेटिकचे थर आणि वर वारा अडवणारं जॅकेट हवं.

हातमोजे घालावेत का?

दोर हाताळताना हो, चामड्याचे. कातळ धरताना नको, खोबणीत बोटं किती रुतली आहेत हे कळत नाही.